पोटोमॅकवर सोडलेला दोर

१३ जानेवारी १९८२. बुधवार. वॉशिंग्टन शहरात बर्फ थांबायचं नाव घेत नव्हतं. रस्ते बंद पडायच्या आत माणसं घरी पोहोचावीत म्हणून सरकारी कचेऱ्या लवकर सोडल्या, आणि एरवी टप्प्याटप्प्याने पांगणारी गर्दी एकाच वेळी रस्त्यावर उतरली. पोटोमॅक नदीवरच्या चौदाव्या रस्त्याच्या पुलावर गाडीला गाडी लागली होती. खाली नदी गोठलेली. तिथून जवळच, नदीकाठी, शहराचा नॅशनल विमानतळ. बर्फामुळे तो दुपारी तासाभराहून अधिक वेळ बंद ठेवून पुन्हा उघडला होता आणि रखडलेली विमानं एकामागून एक सोडायची घाई चालली होती.

त्यातलंच एक एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७, उड्डाण क्रमांक ९०. आत ७४ प्रवासी आणि ५ कर्मचारी. फ्लोरिडाच्या उन्हात जायला निघालेली माणसं. पंखांवरचं बर्फ काढून ४९ मिनिटं उलटली होती आणि तेवढ्या वेळात नवं बर्फ साचलं होतं. त्यात इंजिनांना बर्फापासून वाचवणारी यंत्रणा बंदच राहिली. इंजिनाचा जोर मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फ धरल्यामुळे काटे खोटं बोलत होते. ताकद आहे त्यापेक्षा जास्त दाखवत होते. काहीतरी चुकतंय हे सहवैमानिकाने धावपट्टीवर असतानाच बोलून दाखवलं, तरी विमान थांबलं नाही. दुपारी ३ वाजून ५९ मिनिटांनी ते सुटलं, साडेतीनशे फुटांपर्यंत कसंबसं चढलं आणि ४ वाजून १ मिनिटाने त्याच पुलावर आदळलं. हवेत ते जेमतेम अर्धा मिनिट होतं. सात वाहनं चिरडली, पुलावरची चार माणसं गेली, आणि विमान बर्फ फोडून नदीत बुडालं.

वर राहिली ती फक्त शेपटी. तिच्या आसपास सहा माणसं जिवंत होती. पाणी जवळजवळ शून्य अंशाचं. अशा पाण्यात काही मिनिटांतच हाताची बोटं मिटेनाशी होतात, नंतर दंड ऐकत नाहीत. किनारा डोळ्यांना दिसत होता, आवाज दिला तर ऐकू जाईल इतका जवळ होता, आणि तरीही त्यांच्या आवाक्याबाहेर होता.

चार वाजून सात मिनिटांनी रुग्णवाहिका निघाल्या. पण कुठून जाणार? ज्या गर्दीला वाचवण्यासाठी कचेऱ्या लवकर सोडल्या, तीच वाटेत उभी. काही रुग्णवाहिका व्हाइट हाउससमोरच्या फुटपाथवरून काढाव्या लागल्या. जागेवर पोहोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. तटरक्षक दलाची बर्फ फोडणारी टगबोट एरवी जवळपासच असायची; त्या दिवशी ती दुसऱ्या कामावर नदीत बरीच खाली गेलेली. किनाऱ्यावर जी बचाव पथकं पोहोचली त्यांच्याकडे बर्फाच्या नदीत उतरायचं साहित्य नव्हतं. होडी घालावी तर बर्फ आडवा, चालत जावं तर तो माणसाचा भार पेलेल याची शाश्वती नाही.

तेव्हा पहिला माणूस उतरला तो ना पोलीस, ना अग्निशामक. रॉजर ओलियन. एका रुग्णालयात पत्र्याची कामं करणारा कारागीर, घरी निघालेला. लोकांनी पट्टे, गाडीच्या बॅटरीच्या वायरी, मिळेल ते एकमेकांना बांधून दोर केला, तो त्याच्या कमरेला अडकवला आणि हा गडी बर्फात घुसला. त्या सहाजणांपर्यंत तो पोहोचू शकला नाही. पण कुणीतरी आपल्याकडे यायला निघालंय एवढं तरी नदीतल्यांना दिसलं.

४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास वरून घरघर ऐकू आली. हेलिकॉप्टर पोलिसांचं होतं. ‘ईगल वन’.

आता हे कुठले पोलीस? ‘युनायटेड स्टेट्स पार्क पोलीस’ हे नाव ऐकून आपल्यासमोर बागेत शिट्टी फुंकणारा रखवालदार उभा राहतो. प्रत्यक्षात हे अमेरिकेच्या गृहखात्याच्या नव्हे, तर जमीन, वनं, राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या ‘इंटेरियर’ खात्याच्या ताब्यातलं जुनं पोलीस दल. राजधानीतली स्मारकं, हिरवळी, नदीकाठचे रस्ते त्यांच्या हद्दीत येतात. हवाई पथक त्यांनी १९७३ मध्ये उभं केलं, अॅनाकोस्टियाच्या बाजूला, एका हेलिकॉप्टरवर. त्या दिवशी आलेलं यंत्र बेल कंपनीचं ‘लाँगरेंजर’ होतं. एक इंजिन, चाकांऐवजी खाली दोन लांब दांड्या, म्हणजे स्किड. लष्करी बचाव हेलिकॉप्टरासारखं अवाढव्य काही नव्हे.

पोलिसांच्या हातात हे वाहन आलं कसं, हे थोडं मागे जाऊन पाहायला हवं. न्यूयॉर्क पोलिसांचं हवाई पथक १९२९ पासूनचं, पण तेव्हा ते विमानं उडवत. विमानाची अडचण अशी की ते थांबत नाही. गल्लीत काय चाललंय हे पाहायचं तर पुढे जाऊन वळून यावं लागतं, तोवर चोर पसार. १९४६ मध्ये बेल ४७ या हेलिकॉप्टराला नागरी वापराचा परवाना मिळाला आणि दोनच वर्षांत, १९४८ ला, न्यूयॉर्क पोलिसांनी हेलिकॉप्टर घेतलं. लॉस एंजेलिसने १९५६ ला घेतलं, तेही मुख्यतः हमरस्त्यांवरच्या वाहतुकीवर नजर ठेवायला. बराच काळ पोलिसांचं हेलिकॉप्टर म्हणजे कुणी बुडालं, हरवलं की बोलवायची वस्तू होती.

ती रोजच्या गस्तीत आणली लेकवूडने. लॉस एंजेलिस काउंटीतलं हे बैठ्या घरांचं उपनगर. स्वतःचं पोलीस खातं न ठेवता काउंटीच्या शेरीफकडून कंत्राटावर पोलीस घेणारं. १९६६ मध्ये तिथे संघराज्य सरकारच्या पैशावर ‘स्काय नाइट’ नावाचा प्रयोग सुरू झाला. ह्यूज कंपनीचं छोटंसं हेलिकॉप्टर, त्यात दोन पोलीस. एकाने उडवायचं, दुसऱ्याने पाहायचं आणि बोलायचं. घरफोडीची वर्दी आली की गस्तीच्या गाडीआधी हे वर हजर. पुढे लॉस एंजेलिस शहर पोलिसांनी याच वाटेने आपलं मोठं हवाई पथक उभं केलं. व्हिएतनामहून परतलेल्या, हेलिकॉप्टर उडवून हात तयार झालेल्या तरुणांची तेव्हा अमेरिकेत वाण नव्हती.

या कामात खरा कस लागतो तो पाहणाऱ्याचा. पायलट यंत्र सांभाळतो. शेजारचा अधिकारी एका डोळ्याने जमीन, दुसऱ्याने नकाशा आणि दोन्ही कानांनी दोन-तीन वायरलेस सांभाळतो. हेलिकॉप्टर घटनेच्या जागेभोवती गोल फिरत राहतं, म्हणजे जागा सतत त्याच्या बाजूच्या खिडकीत राहते. संशयित कुठल्या आवारात शिरला हे तो सांगतो, खालच्या गाड्या चारी कोपरे धरून नाकाबंदी करतात, मग कुत्रं घेतलेला शिपाई आत शिरतो. वरचा सांगत असतो: डावीकडच्या कुंपणामागे कुणी नाही, पुढे चल, मागच्या अंगणात शेड आहे, सांभाळून. रात्री सर्चलाइट, पुढच्या काळात शरीराची ऊब टिपणारा कॅमेरा. पळणाऱ्या मोटारीमागे पोलिसांच्या पाच गाड्या सुसाट सोडण्यापेक्षा वरून पाठलाग ठेवून खालच्यांनी वेग उतरवावा, हेही याच पद्धतीतून आलं. रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं चालत असतील तर या एका गोष्टीचं मोल कळतं. वरून पत्ता कळावा म्हणून लॉस एंजेलिसमध्ये बसगाड्यांच्या टपावर मोठे आकडे रंगवले गेले. बस पळवली गेली, तर कुठली हे आकाशातून वाचता यावं.

एवढं सगळं शास्त्र तयार होतं. पण ते रस्त्यांसाठी होतं. गोठलेल्या नदीतून माणसं काढण्याचा पाठ त्यात नव्हता.

ईगल वनमध्ये दोघे होते. पायलट डोनाल्ड अशर आणि पॅरामेडिक मेल्विन विंडसर, ज्याला सगळे जीन म्हणत. बर्फ अजून पडतच होतं. हेलिकॉप्टराच्या पोटाखाली काय आहे ते पायलटला दिसत नाही. उघड्या दारातला माणूस सांगेल त्यावर फूटभर पुढे, फूटभर मागे असं त्याला चालावं लागतं. इथे एका बाजूला पूल, खाली तरंगणारे बर्फाचे तुकडे, आणि आपल्याच पंख्याच्या वाऱ्याने उडणारं पाणी बुडत्यांच्या तोंडावर. विंडसरने दोर सोडला. माणसाला वर हेलिकॉप्टरात घ्यायचं नव्हतं. त्याने दोर धरायचा आणि हेलिकॉप्टराने त्याला पाण्यातून, बर्फावरून ओढत किनाऱ्याला लावायचं.

पहिला दोर शेपटीपासून थोडा बाजूला पाण्यात तरंगत असलेल्या एका प्रवाशाला मिळाला. त्याला ओढून काठावर आणला, तिथे उभ्या लोकांनी आणि बचाव पथकाने त्याला वर घेतला. हेलिकॉप्टर परत फिरलं. या वेळी दोर शेपटीला धरून असलेल्या एका मध्यमवयीन माणसाच्या हातात पडला. त्याने तो आपल्याभोवती गुंडाळला नाही. शेजारच्या हवाई सुंदरीला दिला. तीही तशीच, हाती लागलेलं एकमेव जीवरक्षक जाकीट तिने आधीच एका प्रवासी बाईला घालायला दिलं होतं. ती काठाला लागली.

तिसऱ्या फेरीला अशर आणि विंडसरने दोन दोर सोडले. पुन्हा त्या माणसाच्या हातात एक दोर आला, पुन्हा त्याने पुढे दिला, जबर जखमी झालेल्या एका प्रवाशाला. त्या प्रवाशाने एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने एका तरुण बाईला धरलं. तिचा नवरा आणि तान्हं बाळ विमानात होते. दुसरा दोर आणखी एका बाईने पकडला. तिघांना ओढत हेलिकॉप्टर किनाऱ्याकडे निघालं आणि बर्फाच्या तुकड्यांतून जाताना दोन्ही बायांचे हात सुटले.

त्या तरुण बाईला काठ आता थोडाच राहिला होता. डोळ्यांत विमानाचं इंधन गेलेलं, दिसत नव्हतं. पुन्हा दोर टाकला, पण तिच्या हातांत तो धरायचं बळ उरलं नव्हतं. काठावर बघ्यांची गर्दी होती, टीव्हीचा कॅमेरा चालू होता. त्या गर्दीतून लेनी स्कुटनिक नावाचा संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयातला एक साधा कर्मचारी पुढे आला, कोट आणि बूट काढले आणि पाण्यात उडी टाकली. त्याने तिला काठाला आणलं.

दुसरी बाई अजून मधेच होती. आता दोर टाकण्यात अर्थ नव्हता. अशरने हेलिकॉप्टर इतकं खाली नेलं की स्किड पाण्यात बुडाले. विंडसर बाहेर पडून स्किडवर उभा राहिला, वाकून तिचे कपडे धरले आणि तिला वर खेचलं. तशीच तिला धरून, तो स्वतः स्किडवर आणि हेलिकॉप्टर पाण्यालगत, ते काठाला आले. त्या दिवसाची छायाचित्रं जगभर छापली गेली. त्यांत हा क्षण नीट पाहिला की लक्षात येतं, पायलटच्या हाताची एक थरथर आणि तिघंही नदीत गेले असते. पुस्तकात बसेल असं उड्डाण ते नव्हतं. पोलीस हवाई पथकांच्या आजवरच्या साऱ्या इतिहासात माझ्या मते याच्या तोडीचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

हेलिकॉप्टर सहाव्यासाठी परत गेलं. ज्याने दोनदा दोर दिला त्याच्यासाठी. विमानाची शेपटी एव्हाना पाण्याखाली सरकली होती आणि तो तिथे नव्हता. कित्येक दिवस वर्तमानपत्रं त्याला नुसतं ‘सहावा प्रवासी’ म्हणत राहिली. नंतर ओळख पटली: आर्लंड विल्यम्स, वय ४६, अटलांटाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत बँकांची तपासणी करणारा अधिकारी. विमानातल्या ७४ मृतांपैकी बुडून मेलेला तो एकटा; बाकीचे आघातानेच गेले. त्याचं नाव पुढे त्या पुलाला देण्यात आलं.

तेरा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात स्कुटनिकला सज्ज्यात बसवून त्याचा गौरव केला. तेव्हापासून दर भाषणाला कुणा सामान्य माणसाला तिथे बसवायची प्रथाच पडली. विल्यम्स, ओलियन आणि स्कुटनिक यांना तटरक्षक दलाचं सुवर्णपदक, अशर आणि विंडसर यांना रौप्यपदक आणि त्यांच्या खात्याचं शौर्यपदक मिळालं. पदकांच्या या उतरंडीवर कुणी हरकत घेतलेली ऐकिवात नाही, आणि घेऊही नये. त्या दुपारी हेलिकॉप्टराने जे केलं ते खालच्या माणसांवाचून झालंच नसतं. दोर वरून आला खरा, पण तो कुणी कुणाला द्यायचा हे पाण्यातल्या माणसाने ठरवलं, आणि दोराच्या शेवटी माणसाला ओढून घ्यायला काठावर गुडघाभर पाण्यात लोक उभे होते.

त्याच संध्याकाळी, विमान पडून अर्धा तासही होत नाही तोच, शहराच्या मेट्रोचा डबा घसरून तीन प्रवासी मेले. मेट्रो सुरू झाल्यापासूनचा तो पहिला जीवघेणा अपघात. एका बर्फाळ दुपारी राजधानीची आपत्कालीन यंत्रणा दोन ठिकाणी उघडी पडली. हद्दी वेगळ्या, दलं वेगळी, वायरलेसच्या वाहिन्या वेगळ्या. शहर, पलीकडचा व्हर्जिनिया, अलीकडचा मेरिलँड, संघराज्याची खाती असा सगळा सावळा गोंधळ. एकमेकांच्या हद्दीत मदतीला जायचे करार आणि एकत्र कवायती यांना त्यानंतर त्या भागात जोर आला.

पोटोमॅकच्या दृश्यांमुळे पोलीस हेलिकॉप्टराला जे पुण्य लाभलं त्याच्या जोरावर पुढे अनेक शहरांनी बराच खर्च केला, असं म्हणायला हरकत नाही. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या रहिवाशाला विचारलं तर तो नदीतली सुटका सांगणार नाही; रात्री दोनला घरावर घिरट्या घालणारा आवाज आणि खिडकीतून आत येणारा प्रकाशाचा झोत सांगेल. डिसेंबर २०२३ मध्ये त्या शहराच्या कंट्रोलरने पोलिसांच्या हवाई पथकाचा हिशेब तपासला. १७ हेलिकॉप्टरं, वर्षाला साडेचार कोटी डॉलरहून जास्त खर्च, आणि उड्डाणाचा जवळजवळ ६१ टक्के वेळ गंभीर गुन्ह्यांव्यतिरिक्त इतर कामांत. हेलिकॉप्टरांमुळे गुन्हे घटतात याचा पटण्याजोगा पुरावाही त्या तपासणीला सापडला नाही. लेकवूडच्या प्रयोगाला तेव्हा सत्तावन्न वर्षं झाली होती. आणि धोका फक्त आवाजाचा नसतो. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री ग्लासगोत पोलिसांचं हेलिकॉप्टर क्लुथा नावाच्या भरलेल्या पबच्या छपरावर कोसळलं. टाकीत इंधन होतं, पण ते इंजिनाकडे पोचवणारे पंप बंद होते. आतले तिघे आणि खालचे सात, दहाजण गेले.

आपल्याकडे पोलिसांचं हेलिकॉप्टर म्हटलं की एकच जिल्हा डोळ्यांसमोर येतो, गडचिरोली. तिथे हा वाद निघत नाही. चकमकीत जखमी झालेल्या जवानाला जंगलातून थेट नागपूरच्या रुग्णालयात न्यायला दुसरं साधन नाही. निवडणुकीत काही मतदान पथकं आणि यंत्रंही हेलिकॉप्टरनेच जातात. आणि पावसाळ्यात पर्लकोटा फुगून भामरागडचा रस्ता तुटला की अडलेल्या बाळंतिणीला हलवायलाही तेच येतं. जिथे रस्ता आहे तिथे हेलिकॉप्टर किती लागतं आणि जिथे नाही तिथे किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लॉस एंजेलिसच्या हिशेबाने गडचिरोलीचा जमाखर्च मांडता येणार नाही, आणि उलटंही नाही.

वॉशिंग्टनच्या पथकाला पुढे आणखी दोनदा मोठं काम पडलं. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी पेंटॅगॉनवर विमान आदळलं, तेव्हा पार्क पोलिसांची दोन हेलिकॉप्टरं अॅनाकोस्टियाहून उडाली. एक जळत्या इमारतीजवळ उतरलं आणि दोन गंभीर जखमींना घेऊन वॉशिंग्टन हॉस्पिटल सेंटरला गेलं. दुसरं वर राहिलं. खाली सूत्रं आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाकडे होती. आजूबाजूच्या दलांनी आधी एकत्र सराव केलेला होता, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकायचं हे भांडण तिथे झालं नाही. नंतरच्या अहवालांत या गोष्टीची खास नोंद आहे.

दुसरी वेळ १६ सप्टेंबर २०१३ ची. नौदलाच्या आवारातल्या १९७ क्रमांकाच्या इमारतीत एका बंदूकधाऱ्याने बारा जणांना मारलं. आत पोलिसांची पथकं खोलीमागून खोली तपासत वर चढत होती, आणि जीव वाचवायला पळालेली काही माणसं छतावर अडकली होती. त्यांना जिन्याने खाली आणता येत नव्हतं. ईगल वन या नावाचं तेव्हाचं हेलिकॉप्टर छतावर येऊन थांबलं, विंचवरून टोपली खाली सोडली आणि त्यांना एकेक करून वर घेतलं.